बाण, अधिक-उणे आणि उत्तरातलं चिन्ह

इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या वहीत एक खाडाखोड हमखास सापडते. समीकरणं नीट मांडलेली असतात, आकडेमोड बरोबर असते आणि शेवटी करंट येतो उणे २ अँपिअर. करंट उणे कसा असेल, या धास्तीनं कुणी ते चिन्ह गुपचूप गाळतं. कुणी आकृतीतला बाण खोडून उलटा काढतं, पण रोधाच्या टोकांवर लिहिलेली अधिक-उणे चिन्हं तशीच ठेवतं. दोन्ही प्रकारांत हातात आलेलं बरोबर उत्तर बिघडतं. त्या गणितातली सगळ्यात मोलाची माहिती त्या उणे चिन्हातच होती, आणि नेमकी तीच पुसली जाते.

सर्किट सोडवायला बसताना आपण दोन प्रकारच्या खुणा करतो. तारेवर करंटचा बाण काढतो आणि प्रत्येक घटकाच्या दोन टोकांवर अधिक आणि उणे लिहितो. करंट खरोखर कुठे चालला आहे याबद्दल या खुणा काहीच सांगत नाहीत. सोडवण्याआधी ते आपल्याला ठाऊकच नसतं. बाण म्हणजे ‘या दिशेनं मोजणार’ एवढंच आपण जाहीर केलेलं असतं. खरी दिशा कळते ती उत्तराच्या चिन्हातून. शिकवताना हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो. आधी ‘करंट अधिककडून उणेकडे जातो’ हे पाठ करून घेतलं जातं, मग बाण काढायला सांगितला जातो, आणि मुलाला वाटतं की बाण चुकला तर गणितच चुकलं.

या गोंधळाचं खापर बहुतेकदा बेंजामिन फ्रँकलिनच्या माथी मारलं जातं. फ्रँकलिननं दिशा उलटी ठरवली, इलेक्ट्रॉन तर उणेकडून अधिककडे जातात, हे वाक्य बारावीपर्यंत प्रत्येकाच्या कानावरून गेलेलं असतं. त्यानं नेमकं काय केलं होतं ते पाहिलं की हा आरोप वरवरचा वाटू लागतो. शिवाय व्होल्टेजबद्दलची एक फार महत्त्वाची गोष्ट त्या प्रयोगात उघड दिसते.

१७३३ मध्ये फ्रान्समध्ये द्यु फे यानं वीज दोन जातींची असते असं मांडलं होतं. काच घासून येणारी एक आणि राळ किंवा अंबर घासून येणारी दुसरी. फिलाडेल्फियात राहणाऱ्या फ्रँकलिनला दोन जाती मानायची गरज वाटली नाही. १७४७ च्या मे महिन्यात लंडनच्या पीटर कॉलिन्सनला लिहिलेल्या पत्रात त्यानं तीन माणसांचा प्रयोग सांगितला आहे. त्यांना आपण क, ख आणि ग म्हणू. क आणि ख मेणाच्या ठोकळ्यांवर उभे, म्हणजे जमिनीपासून तुटलेले. ग साध्या जमिनीवर उभा. क हातानं काचेची नळी घासतो आणि ख त्या नळीजवळ बोट नेऊन तिच्यातली वीज स्वतःकडे घेतो. आता गनं बोट पुढे केलं तर त्याला कपासूनही ठिणगी मिळते आणि खपासूनही. पण क आणि ख यांनी एकमेकांना बोट लावलं तर उडणारी ठिणगी त्याहून जोरकस असते, आणि त्यानंतर दोघांपैकी कुणातच वीज उरत नाही.

फ्रँकलिनचा निष्कर्ष असा की वीज ही एकच वस्तू आहे आणि ती प्रत्येकाकडे ठरावीक प्रमाणात असतेच. कनं घासताना आपल्याकडची थोडी नळीला दिली, नळीनं ती खला दिली. म्हणून खकडे नेहमीपेक्षा जास्त, ककडे नेहमीपेक्षा कमी आणि गकडे आहे तेवढीच. जास्त म्हणजे अधिक, कमी म्हणजे उणे. विजेच्या विषयात ही दोन चिन्हं आली ती अशी हिशेबाच्या वहीतून. एकाकडून जेवढं गेलं तेवढंच दुसऱ्याकडे आलं, नवीन काही तयार झालं नाही आणि काही नाहीसंही झालं नाही. विद्युतभार अक्षय्य असतो हा नियम त्या चिन्हांमागे उभा आहे आणि तो आजही अबाधित आहे.

या प्रयोगातल्या गकडे जरा लक्ष द्यायला हवं. तो अधिकही नाही आणि उणेही नाही, तो शून्य आहे, पण का? जमीन हा आपला मोजण्याचा पाया धरला म्हणून. क हा गच्या मानानं उणे, ख हा गच्या मानानं अधिक, आणि क-ख यांच्यातला फरक सगळ्यात मोठा. व्होल्टेजची सगळी कल्पना या तीन माणसांत सामावलेली आहे. व्होल्टेज कधीही एका बिंदूचं नसतं, ते दोन बिंदूंमधलं असतं. ‘या तारेवर १२ व्होल्ट आहेत’ हे वाक्य अपुरं आहे. कशाच्या मानानं, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. सर्किटच्या आकृतीत तळाशी जमिनीची खूण काढतात ती या ‘कशाच्या मानानं’चं उत्तर म्हणून. ती खूण दुसऱ्या बिंदूवर नेली तर सगळ्या बिंदूंचे आकडे बदलतात, काही अधिकचे उणे होतात, पण कुठल्याही दोन बिंदूंमधला फरक बदलत नाही आणि म्हणून करंटही बदलत नाही.

मग फ्रँकलिनचं चुकलं कुठे? घासलेल्या काचेकडे वीज येते असं त्यानं मानलं. प्रत्यक्षात काचेवरचे इलेक्ट्रॉन हाताकडे किंवा कापडाकडे जातात. पण ते पाहायचं साधनच तेव्हा कुणाकडे नव्हतं. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसनच्या हाती, म्हणजे ते पत्र लिहिल्यावर दीडशे वर्षांनी. दरम्यान १८०० मध्ये व्होल्टानं बॅटरी बनवली, १८२० मध्ये अँपिअरनं अधिक टोकाकडून बाहेर पडून उणे टोकाकडे जाणारी दिशा हीच करंटची दिशा धरून तारेभोवतालच्या चुंबकत्वाचे नियम मांडले, १८२७ मध्ये ओहमचा नियम आला, १८४५ मध्ये किरखॉफचे. यातला एकही नियम इलेक्ट्रॉन सापडल्यावर बदलावा लागला नाही. एखादी खरीखुरी चूक पायाभरणीतच असती तर असं झालं नसतं.

कारण करंट म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रवाह हे समीकरणच तोकडं आहे. तांब्याच्या तारेपुरतं ते खरं. मिठाच्या पाण्यात सोडियमचे अधिक भाराचे आयन एका दिशेला जातात आणि क्लोराइडचे उणे भाराचे आयन उलट दिशेला, दोन्ही एकाच वेळी. अधिक भार उजवीकडे सरकला काय किंवा उणे भार डावीकडे सरकला काय, हिशेबाला दोन्ही सारखेच. दोघांची बेरीज होऊन उजवीकडचा करंट होतो. गाडीच्या बॅटरीतल्या आम्लात हेच चालतं, आपल्या मज्जातंतूंमध्येही आयनच फिरतात. आता इलेक्ट्रॉनची दिशा हीच करंटची दिशा धरायची ठरवली तर मिठाच्या पाण्यात बाण कुठे दाखवणार? सांकेतिक दिशा या सगळ्यांना एका हिशेबात बसवते. ती टिकली ती परंपरेच्या जोरावर नाही, उपयोग आहे म्हणून.

तारेत नेमकं काय फिरतं हे ठरवणारा प्रयोग इलेक्ट्रॉन सापडण्याच्याही आधीचा आहे. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्यानं सोन्याच्या पातळ वर्खातून करंट सोडला आणि वर्खाला काटकोनात चुंबकक्षेत्र दिलं. वर्खाच्या दोन कडांमध्ये अगदी किंचित व्होल्टेज उमटलं. त्या व्होल्टेजच्या अधिक-उण्यावरून फिरणाऱ्या कणांचा भार कोणत्या चिन्हाचा आहे ते सांगता येतं. सोन्यात तो उणे निघतो. सिलिकॉनमध्ये बोरॉन मिसळून बनवलेल्या पी-प्रकारच्या अर्धवाहकात मात्र हाच प्रयोग अधिक चिन्ह दाखवतो.

आणि तारेतले इलेक्ट्रॉन फिरतात तरी किती वेगानं? एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर करंट जात असेल तर एका सेकंदाला सुमारे ६२४ वर १६ शून्यं इतके इलेक्ट्रॉन एखाद्या छेदातून पार होतात. तरीही त्यांची सरासरी पुढे सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम चौदावा भाग, म्हणजे तासाला सव्वीसेक सेंटिमीटर. बटण दाबताच दिवा लागतो तो इलेक्ट्रॉन धावत आला म्हणून नाही. तारेच्या आसपासचं विद्युतक्षेत्र जवळपास प्रकाशाच्या वेगानं पसरतं आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन एकदमच हलू लागतात. सर्किट सोडवणाऱ्यानं इलेक्ट्रॉनच्या मागे जायचं कारण नाही. त्याला बाण आणि चिन्ह पुरतं.

मोजणारं यंत्रही याच रीतीनं चालतं. मल्टिमीटरला लाल आणि काळी अशा दोन प्रोब असतात. काळी ‘कॉम’ लिहिलेल्या छिद्रात. डीसी व्होल्टवर ठेवला की मीटर दाखवतो लाल टोकाचं व्होल्टेज वजा काळ्या टोकाचं. निघालेला आकडा अधिक असेल तर लाल टोक वरचढ, उणे असेल तर काळं. साध्या पेन्सिल सेलला प्रोब उलट्या लावून पाहा: १.५ च्या जागी उणे १.५ येईल. सेलला काही झालेलं नाही, मीटरही बिघडलेला नाही. तुम्ही प्रश्न उलटा विचारलात, त्यानं उत्तर बरोबर दिलं. अँपिअरवर ठेवलेला मीटर लाल प्रोबमधून आत येऊन काळीतून बाहेर पडणारा करंट अधिक धरतो. म्हणजे प्रोब लावताना आपण वहीतला बाणच प्रत्यक्ष सर्किटवर काढत असतो.

डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर तर हा बाण छापलेलाच असतो, तार ज्या जबड्यात पकडतात त्याच्यावर. त्या जबड्यात बसवलेला चिमुकला सेन्सर हॉलच्याच १८७९ च्या शोधावर चालतो. गाडीच्या बॅटरीच्या अधिक टोकाकडून निघणाऱ्या जाड केबलवर तो अडकवा, बाण बॅटरीतून बाहेर जाईल असा. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्टला असते. सेल्फ मारला की करंट शंभर अँपिअरच्या वर जातो, आकडा अधिक, आणि बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर दहाच्या आसपास उतरतं. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर फिरू लागला की व्होल्टेज चौदाच्या वर जातं आणि क्लॅम्पवरच्या आकड्यापुढे उणे चिन्ह येतं. बॅटरीचं अधिक टोक अधिकच राहिलं आहे, उणे टोक उणेच. फक्त करंट उलटा फिरला आहे. पहिल्यांदा बॅटरी देत होती, आता घेते आहे.

करंटची दिशा आणि व्होल्टेजची ध्रुवता या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे या एका केबलवर लख्ख दिसतं. दोघांचा मेळ घातला की तिसरी गोष्ट कळते: ऊर्जा कुणीकडे चालली आहे. त्यासाठी सगळ्या अभियंत्यांनी एक साधा नियम मानला आहे. एखाद्या घटकाच्या ज्या टोकावर अधिक लिहिलं आहे, त्याच टोकातून बाण आत शिरवायचा. मग व्होल्टेज गुणिले करंट हा गुणाकार अधिक आला तर तो घटक ऊर्जा घेतो आहे, उणे आला तर देतो आहे. या जोडीला शोषक चिन्हसंकेत म्हणता येईल. सर्किट शिकताना एकच गोष्ट घोटून पक्की करायची झाली तर ती ही, असं माझं ठाम मत आहे. बाण कुठेही काढा, अधिक-उणे कसंही लिहा, त्याची पूर्ण मुभा आहे. पण एकदा एक ठरवलं की दुसरं त्याला बांधलेलं असतं. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध हा ओहमचा नियमही या जोडीतच खरा. जोडी मोडली तर त्याच नियमात उणे चिन्ह घालावं लागतं.

ही जोडी मोडली की काय होतं ते एका लहानशा सर्किटवर करून पाहू. कागदावर तळाशी एक आडवी तार काढा आणि तिला शून्य व्होल्ट म्हणा. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, उणे टोक तळाच्या तारेला, अधिक टोक १ ओहमच्या रोधातून वरच्या एका जोडबिंदूला. उजवीकडे ६ व्होल्टची बॅटरी, तशीच, तिचं अधिक टोकही १ ओहमच्या रोधातून त्याच जोडबिंदूला. जोडबिंदूपासून सरळ खाली तळाच्या तारेपर्यंत ४ ओहमचा रोध. आता बाण: डावा करंट जोडबिंदूकडे, उजवा करंटही जोडबिंदूकडे, मधला करंट जोडबिंदूपासून खाली. दोन्ही बॅटऱ्या करंट देत असतील असं सरळ मनानं धरलं आहे. प्रत्येक रोधात बाण ज्या टोकातून शिरतो तिथे अधिक लिहा.

किरखॉफनं हे नियम मांडले तेव्हा तो कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकत होता, वय २१. पहिला नियम सांगतो की जोडबिंदूत जेवढं येतं तेवढंच बाहेर जातं, म्हणून डावा अधिक उजवा बरोबर मधला. दुसरा सांगतो की कुठल्याही वळशानं फिरून मूळ जागी आलो तर व्होल्टेजच्या चढउतारांची बेरीज शून्य येते. डाव्या वळशातून: १२ बरोबर डावा अधिक मधल्याची चौपट. उजव्या वळशातून: ६ बरोबर उजवा अधिक मधल्याची चौपट. दोन्ही समीकरणांची बेरीज केली तर १८ बरोबर मधल्याची नऊपट, म्हणजे मधला २ अँपिअर. तो परत घातला की डावा येतो ४ अँपिअर आणि उजवा ६ वजा ८, म्हणजे उणे २ अँपिअर.

इथेच खाडाखोड सुरू होते. पण थांबून पाहा. मधल्या रोधावर २ गुणिले ४, म्हणजे ८ व्होल्ट आहेत, म्हणून जोडबिंदू ८ व्होल्टवर आहे. उजवी बॅटरी फक्त ६ व्होल्टची. ती ८ व्होल्टच्या बिंदूकडे करंट ढकलणार कशी? उलट तिच्यातच करंट शिरणार. उणे चिन्हानं नेमकं हेच सांगितलं: धाकटी बॅटरी चार्ज होते आहे. ऊर्जेचा ताळा करून पाहू. डावी बॅटरी १२ गुणिले ४, म्हणजे ४८ वॉट देते. डावा रोध १६ वॉट खातो, मधला १६, उजवा ४, आणि उजवी बॅटरी ६ गुणिले २, म्हणजे १२ वॉट घेते. १६, १६, ४ आणि १२ मिळून ४८. एका वॉटचाही फरक नाही.

आता दुसरी वाट. कुणी सुरुवातीलाच उजवा बाण उलटा, बॅटरीकडे जाणारा, काढला आणि रोधावरची चिन्हंही त्याप्रमाणे उलटी लिहिली, तर उत्तर अधिक २ येईल. सर्किट तेच, करंट तोच, फक्त मोजण्याची दिशा वेगळी. पण बाण उलटा केला आणि रोधावरची चिन्हं जुनीच ठेवली तर? उजव्या वळशाचं समीकरण जुनंच राहतं, जोडबिंदूचं मात्र बदलतं. सोडवून पाहा: मधला येतो ६ अँपिअर, डावा उणे १२, उजवा उणे १८. मधल्या रोधावर २४ व्होल्ट! १२ आणि ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांमधून २४ व्होल्टचा जोडबिंदू आला कुठून? आकडेमोडीत एकही चूक नाही, तरी उत्तर अशक्य. बाण आणि चिन्ह यांची जोडी मोडली, एवढंच कारण. म्हणून वहीत सोडवलेल्या सर्किटमध्ये बाण कधी खोडू नये. उणे उत्तर आलं तर तसंच लिहावं आणि शेजारी एक ओळ जोडावी: प्रत्यक्ष दिशा बाणाच्या उलट.

रोध हा या विषयातला सगळ्यात सरळमार्गी घटक. त्याच्यात करंट उलटला की व्होल्टेजही उलटतं, दोन्ही एकमेकांना धरून, म्हणून गुणाकार नेहमी अधिकच. रोध ऊर्जा फक्त घेतो. बॅटरीत ध्रुवता ठाम असते आणि करंट फिरतो. वेटोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये, याच्या बरोबर उलट घडतं, आणि तिथे भल्याभल्यांची फसगत होते.

१२ व्होल्टचा साधा रिले घ्या, ४०० ओहमच्या कॉइलचा. चालू असताना कॉइलमधून ३० मिलिअँपिअर जातात. वरचं टोक सप्लायला, म्हणून अधिक, खालचं टोक ट्रान्झिस्टरला. ट्रान्झिस्टर बंद केला. कॉइलला करंटमध्ये एकदम बदल सोसत नाही. तिच्या चुंबकक्षेत्रात साठलेली ऊर्जा करंट त्याच दिशेनं चालू ठेवायला बघते. पण वाट बंद झाली आहे. परिणाम असा की कॉइलच्या खालच्या टोकाचं व्होल्टेज उसळी मारतं, सप्लायच्याही वर, कधी शंभर व्होल्टच्या पलीकडे. करंटची दिशा तीच राहिली, ध्रुवता मात्र उलटली. गुणाकार उणे झाला आणि क्षणापूर्वी ऊर्जा घेणारी कॉइल आता देऊ लागली. ती ऊर्जा ट्रान्झिस्टरला फोडते. म्हणून रिलेच्या कॉइलला १एन४००७ सारखा डायोड ‘उलटा’ जोडतात, पट्टा असलेलं टोक सप्लायकडे. एरवी तो अडवून बसलेला असतो. ध्रुवता पालटताच वाहू लागतो आणि खालचं टोक सप्लायपेक्षा ०.७ व्होल्टहून फारसं वर जाऊ देत नाही. हा डायोड उलटा का जोडला आहे हे ज्याला नीट सांगता येतं, त्याला करंट आणि ध्रुवता यांतला फरक समजला असं खुशाल धरावं.

कागदावरची मुभा प्रत्यक्ष घटक जोडताना मात्र संपते. डायोडच्या चिन्हातला त्रिकोण सांकेतिक करंटचीच दिशा दाखवतो, ट्रान्झिस्टरच्या एमिटरवरचा बाणही. एलईडीचा लांब पाय अधिक. आणि एक गोष्ट नवख्यांना महागात पडते: ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरचा पट्टा उणे टोक दाखवतो, तर टँटलमच्या कपॅसिटरवरचा पट्टा अधिक टोक. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून एकाच नजरेनं जोडले तर एक फुगतो किंवा फुटतो. टँटलम उलटा जोडला तर पेटही घेऊ शकतो.

घरातला सप्लाय तर दिशा सारखी बदलणारा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १०० वेळा करंट उलटतो. मग तिथे बाणाला काय अर्थ? अर्थ आहे, आणि तो तसाच आहे: कुठल्याही क्षणी करंट या दिशेला असेल तेव्हा तो अधिक धरायचा. छतावर सोलर पॅनेल बसवलेल्या घरात हे रोज घडताना दिसतं. दुपारी पॅनेल ३ किलोवॉट बनवतं, घरात १ किलोवॉट लागतो, उरलेले २ किलोवॉट, म्हणजे साधारण ८.७ अँपिअर, बाहेरच्या लाइनवर जातात. रात्री करंट लाइनवरून घरात येतो. दोन्ही वेळा तो सेकंदाला १०० वेळा उलटतोच. मग मीटरला आयात आणि निर्यात कशी ओळखू येते? बाण लाइनकडून घराकडे धरला, तर व्होल्टेजची लाट वर असताना बाणाच्या दिशेचा करंटही वर असेल तर आयात, व्होल्टेज वर असताना करंट खाली असेल तर निर्यात. मीटर क्षणोक्षणी दोघांचा गुणाकार करत असतो आणि त्याचं सरासरी चिन्ह पाहून कोणत्या खात्यात युनिट टाकायचं ते ठरवतो.

याच गुणाकाराचं एक भव्य उदाहरण महाराष्ट्रातच उभं आहे. चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची डीसी लाइन १९९९ पासून काम करते आहे, क्षमता १५०० मेगावॉट. तिच्यात दोन ध्रुव आहेत, एक जमिनीच्या मानानं अधिक ५०० किलोव्होल्ट, दुसरा उणे ५०० किलोव्होल्ट. एकमेकांच्या मानानं फरक १००० किलोव्होल्ट. पूर्ण भारावर करंट बसतो १५०० अँपिअर. विदर्भातल्या औष्णिक केंद्रांची वीज या वाटेनं मुंबईच्या बाजूला येते. दोन्ही टोकांना थायरिस्टरचे व्हॉल्व्ह आहेत: एका टोकाला एसीचा डीसी करणारे, दुसऱ्या टोकाला डीसीचा परत एसी करणारे.

थायरिस्टर करंट एकाच दिशेनं वाहू देतो. त्यामुळे या तंत्राच्या लाइनमध्ये करंटची दिशा कायमची ठरलेली असते. वीज उलट्या बाजूला पाठवायची वेळ आली तर करंट फिरवणं शक्यच नसतं. मग दुसरा घटक फिरवायचा. थायरिस्टर एसीच्या लाटेवर नेमक्या कुठल्या क्षणी चालू करायचा तो कोन दोन्ही टोकांना बदलतात आणि लाइनची ध्रुवताच पालटतात. जो ध्रुव अधिक होता तो उणे होतो, उणे होता तो अधिक. करंट त्याच दिशेनं वाहत राहतो, पण गुणाकाराचं चिन्ह बदललेलं असतं, आणि देणारं टोक घेणारं बनतं. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या नव्या तंत्राच्या डीसी लाइनमध्ये हेच दुसऱ्या बाजूनं साधतात: तिथे ध्रुवता कायम राहते आणि करंट उलटवला जातो. ध्रुवता पालटायची नसल्यामुळे अशा लाइनला प्लास्टिकच्या इन्सुलेशनची केबल वापरता येते. वारंवार ध्रुवता पालटणं या केबलला मानवत नाही, कारण आधीच्या दिशेनं इन्सुलेशनमध्ये अडकलेला भार नव्या दिशेचा ताण आणखी वाढवतो. म्हणून समुद्राखालून किंवा शहराखालून डीसी न्यायचं ठरलं की आधी विचारला जाणारा प्रश्न असतो तो हाच: वीज उलटी पाठवायची झाली तर काय पालटणार, करंट की ध्रुवता?